सागरी डिझेल इंजिनाच्या इंधनवाहिनीचे जोड: निवड, जोडणी आणि तपासणी

इंधनवाहिनीची गळती म्हटली की डिझेलचा थेंब डोळ्यांसमोर येतो. परंतु बोटीवरचे इंजिन ज्या जोडांमुळे ऐन वेळी बंद पडते, त्यांतल्या बऱ्याच जोडांमधून एकही थेंब बाहेर आलेला नसतो. इंधनाची टाकी इंजिनापेक्षा खालच्या पातळीवर असेल, तर टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल ओढून पुढे पाठवणाऱ्या पंपापर्यंतच्या) वाहिनीतला दाब इंजिन चालू असताना बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे या टप्प्यातला सैल जोड डिझेल बाहेर सोडत नाही, उलट हवा आत ओढून घेतो. बाहेरून सगळे कोरडे ठणठणीत दिसते, इंजिनाचा वेग मात्र वरखाली होऊ लागतो, भार पडताच ते दबते आणि शेवटी थांबते. त्यानंतर फिल्टर बदलले जातात, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर खोलले जातात, आणि दोष असतो पाच मिनिटांत बदलता येणाऱ्या एका वॉशरमध्ये.

म्हणून कोणत्याही जोडाला पाना लावण्यापूर्वी तो वाहिनीच्या कोणत्या टप्प्यातला आहे हे ठरवावे. टाकीपासून पाणी वेगळे करणाऱ्या पहिल्या फिल्टरमार्गे फीड पंपापर्यंतचा टप्पा सक्शनचा असतो. फीड पंपापासून इंजिनावरच्या दुसऱ्या फिल्टरमार्गे इंजेक्शन पंपापर्यंत दाब कमी असतो, पण तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असतो, म्हणून तेथे गळती दिसते. इंजेक्शन पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या पोलादी नळ्यांत जुन्या यांत्रिक इंजिनांमध्येही दाब शेकडो बार असतो, आणि कॉमन रेल प्रकारात (सर्व इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून डिझेल पुरवणाऱ्या) तो १६०० बारच्याही पुढे जातो. चौथा टप्पा इंजेक्टर आणि पंपातून उरलेले डिझेल टाकीत परत नेणाऱ्या रिटर्न लाइनचा. पुढे जे सांगितले आहे ते मुख्यतः पहिल्या दोन टप्प्यांविषयी आणि रिटर्नविषयी आहे. उच्च दाबाच्या नळ्यांना वेगळे नियम लागू होतात आणि ते त्यांच्या जागी येतील.

जोड गळू लागला की तो आणखी आवळायचा, ही सवय या कामात सर्वांत जास्त नुकसान करते. योग्य मापाचा, स्वच्छ आणि सरळ बसलेला जोड ठरलेल्या बळाने आवळल्यावर गळत नाही. तरीही तो गळत असेल तर त्याची बैठक, म्हणजे दोन भाग एकमेकांवर टेकतात ती जागा, खराब आहे, आटे जुळत नाहीत किंवा पाइपवर आडवा ताण आहे, आणि या तिन्हींपैकी एकाही दोषावर जादा बळ हा उपाय नाही. त्याने गळती काही काळ थांबते, पण तेवढ्यात जोडाचे निमुळते तोंड चिरलेले असते किंवा फिल्टरच्या ॲल्युमिनियमच्या डोक्यातले आटे निघालेले असतात.

काम सुरू करण्यापूर्वी

इंजिन थंड होऊ द्यावे, बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा आणि टाकीवरचा इंधनाचा व्हॉल्व्ह बंद करावा. जोडाखाली पसरट भांडे आणि शोषून घेणारे कापड ठेवावे. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पाणी साठणाऱ्या भागात, सांडलेले डिझेल बिल्ज पंपाबरोबर समुद्रात जाते, आणि थोडेसे डिझेलही पाण्यावर दूरवर पसरते. बिल्ज पंप आपोआप चालू होणारा असेल तर तो काम संपेपर्यंत बंद ठेवावा. अर्थात तो पुन्हा सुरू करण्याची आठवणही ठेवावी.

नंतर जोडाभोवतीची जागा ब्रश आणि स्वच्छ डिझेलने धुऊन कोरडी करावी. इंजेक्शन पंपाच्या आतल्या भागांमधील अंतर काही मायक्रॉनचे असते आणि फिल्टरच्या पुढे शिरलेला कण थेट तेथेच पोहोचतो, म्हणून ही स्वच्छता नंतरच्या कोणत्याही कौशल्यापेक्षा मोलाची आहे. जोड उघडताच दोन्ही तोंडांवर प्लास्टिकची टोपणे बसवावीत. कापडाचा बोळा तोंडात कोंबू नये, कारण त्याचे तंतू आत राहतात.

आटे आणि कोन ओळखणे

बोटीवरच्या इंधनवाहिनीत अनेकदा तीन देशांच्या पद्धतीचे आटे एकत्र नांदत असतात. इंजिन मेट्रिक, फिल्टर अमेरिकी एनपीटी आणि टाकीचा व्हॉल्व्ह ब्रिटिश बीएसपी, असा मेळ दुर्मीळ नाही. एनपीटी आट्याचा कोन ६० अंशांचा असतो आणि बीएसपीचा ५५ अंशांचा. पाव इंची मापात एनपीटीचे इंचाला १८ आटे असतात आणि बीएसपीचे १९, म्हणून ते लवकर अडकतात आणि चूक लक्षात येते. अर्धा आणि पाऊण इंची मापांत मात्र दोन्हींचे इंचाला १४ आटेच असतात. त्यामुळे तेथे एनपीटीचा तुकडा बीएसपीमध्ये सहज फिरतो, चांगला घट्टही होतो आणि तरीही कायमचा पाझरत राहतो. त्यासाठी आटे मोजण्याचे गेज आणि व्हर्नियर कॅलिपर यांनी दोन्ही भाग मोजूनच जोडावेत. हाताला बसतो आहे असे वाटणे पुरेसे नाही.

कोनांचीही अशीच गल्लत होते. जेआयसी जोडाच्या निमुळत्या तोंडाचा कोन ३७ अंशांचा असतो, तर एसएई फ्लेअरचा (नळीचे तोंड कर्ण्यासारखे पसरवून केलेल्या जोडाचा) ४५ अंशांचा, आणि काही मापांत दोन्हींचे आटे तंतोतंत सारखे असल्यामुळे नट बिनतक्रार चढतो. आत मात्र दोन कोन एका बारीक रेषेवरच टेकलेले असतात. असा जोड धक्क्यावर उभ्या बोटीत टिकतो आणि इंजिनाच्या थरथरीत सुटतो.

दोन वेगळ्या पद्धती जोडणारा अडॅप्टर वापरावाच लागला तर तो एकच वापरावा. अडॅप्टरला अडॅप्टर जोडत नेल्यास प्रत्येक तुकड्यागणिक गळतीची एक जागा आणि लोंबणारे वजन दोन्ही वाढतात. संपूर्ण वाहिनी नव्याने करायची असेल तर एकच पद्धत ठरवून फिल्टर आणि व्हॉल्व्हही त्याच पद्धतीचे घेणे सुरुवातीला महाग वाटते, पण दुरुस्तीच्या वेळी एकाच मापाचे सुटे भाग पुरतात.

होज आणि नळीची सामग्री

इंजिनाच्या खोलीतील इंधनाचा होज (लवचीक रबरी नळी) आग सहन करणारा असावा. लहान बोटींसाठी आयएसओ ७८४० या मानकाचा होज अग्निरोधक असतो, तर आयएसओ ८४६९ या मानकाचा होज तसा नसतो. अमेरिकी एसएई जे१५२७ मानकात हाच फरक ए आणि बी या अक्षरांनी दाखवला जातो. अग्निरोधक होजची परीक्षा प्रत्यक्ष ज्वाळेत अडीच मिनिटे ठेवून घेतली जाते. हा वेळ थोडा वाटला तरी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करण्यासाठी तो मिळणे किंवा न मिळणे यात मोठा फरक आहे. मानकाचे नाव आणि उत्पादनाचे वर्ष होजच्या अंगावर छापलेले असते. छपाई नसलेला होज डिझेलचा म्हणून विकला जात असला तरी बोटीवर वापरू नये.

तांब्याची नळी वळवायला सोपी असते, परंतु कंपनामुळे तांबे हळूहळू कडक होते आणि जोडाच्या तोंडाशी तडकते. शिवाय तांब्याच्या सान्निध्यात डिझेल लवकर खराब होते, आणि बायोडिझेल मिसळलेल्या इंधनात हा परिणाम अधिक तीव्र असतो. आतून जस्त चढवलेले पाइप किंवा जोड डिझेलसाठी वर्ज्य समजावेत, कारण जस्ताची डिझेलमधील आम्लांशी प्रक्रिया होऊन साबणासारखा साका तयार होतो आणि तो फिल्टर व इंजेक्टरमध्ये साचतो. बायोडिझेलचे प्रमाण जास्त असेल तर साध्या नायट्राइल रबराच्या सीलऐवजी फ्लोरोकार्बन रबराचे सील घ्यावेत.

फ्लेअर आणि कटिंग रिंगचे जोड

नळी करवतीने न कापता नळी कापण्याच्या कटरने कापावी, म्हणजे तोंड काटकोनात येते. आतली आणि बाहेरची धार काढून कीस फुंकून टाकावा आणि फ्लेअर करण्यापूर्वी नट आणि स्लीव्ह नळीवर चढवावेत. हा क्रम चुकला की तयार फ्लेअर कापून टाकावा लागतो आणि मापाने कापलेली नळी नेमकी तेवढीच आखूड पडते. फ्लेअरचा चेहरा गुळगुळीत आणि सगळीकडे सारख्या रुंदीचा हवा. त्यावर उभी रेघ दिसली तर तेथूनच हवा शिरेल.

२४ अंशांच्या कोनाच्या जोडात नळीवर चढवलेली कटिंग रिंग नट आवळताना नळीच्या पृष्ठभागात चावते. नळी जोडाच्या तळाशी टेकेपर्यंत आत ढकलून नट हाताने घट्ट करावा, त्यावर मार्करने रेघ ओढावी आणि नळी तशीच दाबून धरून दीड फेरा आवळावा. मग जोड खोलून रिंगच्या पुढे धातूची सलग उंच कड उठली आहे का ते पाहावे. रिंग जागेवर फिरली तरी चालते, नळीवर पुढेमागे सरकता कामा नये. पुन्हा जोडताना हाताला विरोध जाणवल्यानंतर थोडेसेच आवळायचे असते, पुन्हा दीड फेरा द्यायचा नसतो.

पितळी मऊ फेरूलचे (नळीवर दाबून बसणाऱ्या कड्याचे) साधे जोड नळकामासाठी ठीक असले तरी ते कंपनात सैल होतात, म्हणून इंजिनावर ते टाळावेत असे माझे मत आहे.

बँजो जोड

फीड पंप, इंजिनावरचा फिल्टर आणि इंजेक्शन पंप यांवर बहुतेक वेळा बँजो जोड (नळीच्या टोकाचा गोल डोळा पोकळ बोल्टने आवळणारे) असतात, आणि सक्शनच्या बाजूला हवा धरण्याचे हे अगदी नेहमीचे ठिकाण आहे. पोकळ बोल्ट बँजोच्या डोळ्यातून जातो आणि डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वॉशर असतो. पैकी खालचा वॉशर जुन्या जागेला चिकटून राहतो, तो दिसत नाही आणि त्यावर नवा वॉशर बसवला जातो. म्हणून जोड उघडल्यावर दोन वॉशर हातात आले का ते मोजावे.

वॉशर दर वेळी नवे घ्यावेत. तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की कडक होतो आणि दुसऱ्यांदा पृष्ठभागाला जुळवून घेत नाही. नवा मिळतच नसेल तर जुना मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावा, वरची काळी पापुद्री बारीक पॉलिश कागदाने काढावी आणि मगच वापरावा. ॲल्युमिनियमच्या किंवा रबर चिकटवलेल्या वॉशरवर हा उपाय करू नये. डोळ्याचे दोन्ही चेहरे आणि पंपावरची बैठक नखाने तपासावी. नख अडकेल एवढा ओरखडा असेल तर तो वॉशरने झाकला जाणार नाही. असा चेहरा सपाट काचेवर बारीक पॉलिश कागद ठेवून घासून घेता येतो.

आवळताना बँजोची मान योग्य दिशेला धरून ठेवावी, कारण बोल्टबरोबर ती फिरते आणि होजला पीळ पडतो. पोकळ बोल्ट आडव्या छिद्रापाशी कमकुवत असतो, तेव्हा लांब दांड्याचा पाना न वापरता टॉर्क रेंच घेऊन इंजिनाच्या पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंतच आवळावा.

निमुळते आटे आणि सीलंट

निमुळत्या आट्यांच्या जोडाला सीलंट लागतो, आणि तेथे टेफ्लॉनची टेप वापरू नये. टेपचे धागे तुटून आत जातात, आणि ते फिल्टरच्या पुढे गेले तर इंजेक्शन पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात. डिझेल सहन करणारा, हवेच्या अभावी घट्ट होणारा द्रव सीलंट घ्यावा, पहिले एक-दोन आटे मोकळे सोडून पुढच्या आट्यांना लावावा आणि घट्ट होण्यासाठी सांगितलेला वेळ द्यावा. फ्लेअर, कटिंग रिंग किंवा बँजो यांना सीलंट कधीही लावू नये. त्यांत धातू धातूवर किंवा वॉशरवर टेकून सील होते, आट्यांचे काम फक्त दाबून धरण्याचे असते.

होज आणि क्लॅम्प

होज धारदार पात्याने काटकोनात कापावा आणि आत रबराचा कीस राहिला नाही हे पाहावे. नोझलचे, म्हणजे होज ज्यावर चढतो त्या तोंडाचे, माप होजच्या आतल्या मापाइतकेच हवे. मोठ्या होजला क्लॅम्पने चुरगाळून लहान नोझलवर बसवल्यास क्लॅम्पखाली सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतून हवा जाते. बसवताना नोझलला डिझेलचा हात पुरेसा आहे.

क्लॅम्प गंजरोधक पोलादाचा, सलग पट्टीचा आणि गोलसर कडांचा असावा. आरपार खाचा पाडलेली पट्टी होज कापते. क्लॅम्पचा स्क्रूही गंजरोधक आहे ना, हे चुंबकाने पाहता येते, कारण पट्टी चांगली आणि स्क्रू साधा असे क्लॅम्प सर्रास मिळतात. नोझलची लांबी पुरत असेल तर दोन क्लॅम्प लावून त्यांचे स्क्रू विरुद्ध बाजूंना ठेवावेत. लांबी कमी असेल तर दुसरा क्लॅम्प नोझलच्या टोकावर किंवा त्यापलीकडे येतो आणि होज कापतो, तेव्हा एकच नीट बसवलेला क्लॅम्प बरा. क्लॅम्प नोझलच्या फुगवट्याच्या मागे, होजच्या कडेपासून थोडा आत यावा. शक्य असेल तेथे क्लॅम्पऐवजी कारखान्यात दाबून बसवलेल्या टोकांचे तयार होज घ्यावेत.

इंजिन आणि बोट यांच्यामधला दुवा

इंजिन रबरी पायांवर बसलेले असते आणि सुरू होताना व बंद होताना ते सर्वांत जास्त हलते. बोटीच्या सांगाड्याला बांधलेली कडक नळी थेट इंजिनाला जोडली तर ती हालचाल जोडाच्या मानेवर येते. म्हणून सांगाड्यावरच्या नळीचे टोक पक्क्या क्लिपने धरून तेथून इंजिनापर्यंत लवचीक होज घ्यावा. क्लिप त्या टोकापासून साधारण १०० मिलिमीटरच्या आत असावी. होज ताणलेला नको आणि लोंबणाराही नको, त्याला सैलसर बाक असावा. होजवर छापलेली रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ दिसली तर पीळ नाही असे समजावे. नट आवळताना एक पाना होजच्या टोकाला आणि दुसरा नटाला लावला नाही, तर पीळ हमखास पडतो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोचार्जर यांच्या वरून वाहिनी नेऊ नये. जहाजांच्या सुरक्षेसाठीच्या सोलास या आंतरराष्ट्रीय करारात २२० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापू शकणाऱ्या ज्या पृष्ठभागांवर इंधन उडू शकते, त्यांवर उष्णतारोधक आवरण बंधनकारक आहे, आणि लहान बोटीच्या मालकानेही तोच आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

उच्च दाबाच्या नळ्या

या नळ्या घरी वळवू नयेत, कापू नयेत किंवा डाग देऊन दुरुस्त करू नयेत. त्यांची लांबी आणि आतला व्यास इंधन फवारणीच्या वेळेशी बांधलेला असतो. त्या काढताना पंपाच्या बाजूच्या षटकोनी भागाला दुसऱ्या पान्याने धरावे, अन्यथा पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह फिरतो. दोन्ही टोके हाताने सरळ बसल्यावरच नट चढवावेत, आणि कंपन मारणाऱ्या क्लिपा होत्या तेथेच परत लावाव्यात. त्या अनावश्यक वाटून काढून टाकल्यामुळे अनेक नळ्या तुटतात. मोठ्या जहाजांवर या नळ्यांना बाहेरून दुसरे कवच आणि गळतीची सूचना देणारा अलार्म असणे सोलासनुसार आवश्यक आहे.

चालू इंजिनावर या नळीची गळती हाताने कधीही शोधू नये. सुईसारखी बारीक धार कातडी भेदून डिझेल आत सोडते, वरून जखम क्षुल्लक दिसते आणि तरीही ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते. शोधायचीच असेल तर लांब काठीला लावलेला पुठ्ठा वापरावा आणि डोळ्यांना चष्मा असावा.

रिटर्न लाइन

रिटर्न लाइनवर व्हॉल्व्ह नसावा. तो चुकून बंद राहिला तर पंपाच्या सीलवर दाब येतो. दोन टाक्या असतील तर ज्या टाकीतून डिझेल घेतले जाते त्याच टाकीत ते परत जायला हवे, नाहीतर दुसरी टाकी भरून वाहते. टाकीत रिटर्नचे तोंड सक्शनच्या नळीपासून दूर ठेवावे, म्हणजे फेस आणि बुडबुडे पुन्हा इंजिनाकडे ओढले जात नाहीत.

तपासणी आणि हवा काढणे

सक्शनचा टप्पा तपासण्यासाठी वाहिनी टाकीकडून बंद करून हातपंपाने निर्वात निर्माण करावा आणि गेजचा काटा काही मिनिटे जागेवर राहतो का ते पाहावे. काटा उतरला तर वाहिनीचे एकेक टोक बंद करत दोषाचा जोड गाठता येतो. दुसरा उपाय म्हणजे फीड पंपाच्या आधी डिझेल सहन करणाऱ्या पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता लावून बुडबुडे पाहणे. तपासणी होताच तो काढून टाकावा, कारण ती नळी अग्निरोधक नसते.

हवा काढताना आधी पहिला फिल्टर डिझेलने भरावा, मग इंजिनावरच्या फिल्टरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हाताचा दांडा मारावा. दांड्याला जोर लागत नसेल तर पंपाचा कॅम वर आलेला असतो, तेव्हा इंजिन थोडे फिरवून पुन्हा प्रयत्न करावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू बंद करून इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूकडे जावे. यांत्रिक इंजिनात गरज पडल्यास इंजेक्टरचे नट किंचित सैल करून स्टार्टर फिरवता येतो. कॉमन रेल इंजिनात ते कधीही करू नये.

स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागणार असेल आणि एक्झॉस्टमध्ये समुद्राचे पाणी सोडणारी रचना असेल, तर समुद्राच्या पाण्याचा कॉक आधी बंद करावा. इंजिन पेटत नसताना एक्झॉस्टचा वेग पाणी बाहेर ढकलायला अपुरा असतो, सायलेन्सर भरतो आणि पाणी सिलिंडरमध्ये शिरते. इंजिन पेटताच कॉक उघडायलाच हवा, नाहीतर पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर कोरडा फिरून जळतो. कॉक बंद असल्याची चिठ्ठी किल्लीलाच बांधून ठेवणे हा साधा पण खात्रीचा उपाय आहे.

सुरू झाल्यावर प्रत्येक जोड कोरडा पुसून त्याखाली पांढरा कागद धरावा आणि भाराखाली इंजिन चालवून पाहावे. पहिल्या काही तासांच्या धावेनंतर, इंजिन थंड असताना, होजचे क्लॅम्प आणि नट पुन्हा तपासावेत. नटांवर मार्करची रेघ असेल तर कोणता हलला हे एका नजरेत कळते. बोटीवर नेहमी ठेवायच्या पेटीत प्रत्येक बँजो मापाचे वॉशर, अग्निरोधक होजचा एक तुकडा, चार क्लॅम्प, हवा काढण्याच्या स्क्रूंचे सील आणि उघडी तोंडे झाकण्याची टोपणे असावीत. वॉशरच्या प्रत्येक पाकिटावर तो कोणत्या जोडाचा आहे हे लिहिलेले असावे, कारण हलत्या बोटीत विजेरीच्या उजेडात १२ आणि १४ मिलिमीटरच्या वॉशरमधला फरक चटकन ओळखता येत नाही.